बांगड्याच्या दोन पाट्या

मी बांगड्याच्या अंगात थर्मामीटरची सुई खुपसली, तेव्हा हौसामावशीने माझ्या मनगटावर चापट मारली.

"भोकं नको पाडू गो मालाला. गिऱ्हाईक इचारंल, गोळी घालून मारलाय का?"

"कल्ल्यातून घालते. दिसणार नाही."

काटा चढत गेला आणि थांबला. मी वहीत लिहिलं: सव्वानऊ, एकतीस अंश.

"काय म्हनतोय?"

"एकतीस."

"म्हंजे चांगला का वाईट?"

"अजून ठरलं नाही."

"तुजं कंदी काय ठरतच नाय," मावशी म्हणाली आणि माशांवर पाणी शिंपडायला लागली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन घरी आले होते, एम.एस्सी.च्या यादीची वाट बघत. वेळशेत बंदराच्या कोळीवाड्यात एवढं शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे लाईटबिलापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळे कागद माझ्याकडे यायचे. त्या आठवड्यात हौसामावशीचा आला. हौसाबाई चोगले ही माझ्या आईची थोरली बहीण आणि मासळी विकणाऱ्या अकरा बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. गावाबाहेरच्या नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाला या संस्थेची मासळी नऊ वर्षं जात होती. जूनमध्ये मेस खातूशेठ नावाच्या कंत्राटदाराकडे गेली. त्याने परदेशातून गोठवून आलेला बासा आणायला सुरुवात केली. खोकं उघडायचं, तुकडे तळायचे. काटा नाही, वास नाही, साफ करायला बाई नाही. संस्थेची मासळी बंद झाली.

आणि मग मागच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, वसतिगृहातल्या चौदा मुली एकदम आजारी पडल्या. फळ्यावर मेनू होता 'बासा फ्राय'.

शुक्रवारी चार वाजता प्राचार्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. मेसला मासळी कोणाची, ते तिथे ठरणार होतं. मावशीने एक कात्रण जपून ठेवलं होतं: एका वर्षात परदेशी मासळीच्या एकशे बारा खेपा, पाळलेल्या माशांना देतात त्या औषधांचा अंश सापडल्यामुळे, बंदरावरून परत पाठवल्या.

"एकशे बारा!" ती मला म्हणाली होती. "आनि आपल्या बंदरातली एक तरी परत गेली? एक पन नाय. हे लिही. खाली तुजी सही कर, डिग्रीसकट."

मी लिहिलं, सहीही केली. एक पानी, नेटकं, मुद्देसूद. कागद मावशीच्या कनवटीला गेला. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आकडा मला टोचायला लागला. म्हणून गुरुवारी पहाटे मी थर्मामीटर घेऊन बंदरावर गेले. आपली बाजू भक्कम करायला आपलेही आकडे हवेत, एवढाच माझा विचार होता.

"मावशी, एकशे बारा खेपा परत गेल्या. आल्या किती होत्या?"

"मना काय ठावं?"

"दोनशे आल्या असतील तर फार वाईट. पन्नास हजार आल्या असतील तर वेगळी गोष्ट."

"एकशे बारा त्या एकशे बाराच."

"बरं. आणि आपल्या बंदरातली एकही परत गेली नाही. पण तपासली किती?"

"आपली कोन तपासनार? आपली ताजी."

"म्हणजे शून्यातली शून्य परत गेली."

शेजारच्या ओट्यावरची काशी हसली. मावशीने तिच्याकडे असं बघितलं की ती गपकन कोळंबी सोलायला लागली.

"तू कोनाच्या बाजूची हाईस गो?" मावशीने विचारलं.

"तुझ्याच. म्हणून विचारतेय. उद्या खातू हेच विचारेल."

मी वहीची मागची ओळ बघितली. सहा वाजता होडी लागली तेव्हा हाच बांगडा बर्फात होता, चार अंश. लिलाव झाला, पाट्या बाजारात आल्या, आणि मग मावशीने आणि रांगेतल्या सगळ्याच बायकांनी एकच काम केलं होतं. पाटी तिरकी करून बर्फ मागे गटाराशी ओतला, मासे नळाखाली खळाखळा धुतले आणि ओल्या गोणपाटावर मांडले. मी लहानपणापासून हे बघत आले होते. मागच्या भिंतीशी साचणारा बर्फाचा ढीग ही आमची खेळायची जागा होती. ते असं का करतात, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

"बर्फ टाकून का देता?"

"मंग ताजी कोन म्हनंल?" मावशीला माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. "बर्फावरची मासळी म्हंजे भायेरची, नायतर चार दिसांची. गिऱ्हाईक बर्फ बगतं नि फुडच्या ओट्याला जातं. माजी आय पन अशीच उघडी इकायची."

"आजीच्या वेळी बर्फ होता?"

"नव्हता. म्हनून तर उघडी इकायची."

तिने एक बांगडा उचलून त्याचा कल्ला माझ्यासमोर उघडला. आत लालभडक. "हे बग. ह्याला म्हनतात तपासनी. तुजी सुई ठेव पिशवीत."

मी वहीत लिहिलं: कल्ले लाल, वास नाही, एकतीस अंश.

दुपारी मी वसतिगृहात गेले. मेस कमिटीची विद्यार्थिनी सेक्रेटरी अल्फिया मुकादम माझ्याबरोबर शाळेत होती. मला वाटलं होतं, चार मुलींशी बोलावं लागेल, त्यांना नीट आठवणार नाही. पण त्या नर्सिंगच्या मुली. आजारी पडताना त्यांनी एकमेकींच्या नोंदी घेतल्या होत्या. अल्फियाने वहीच पुढे केली.

"जेवण एक वाजून दहा. एक पस्तीसला पहिली मुलगी म्हणाली, तोंड भाजल्यासारखं होतंय. मग तोंड, मान, छाती लाल. डोकं ठणकतंय. नाडी एकशे अठरा. ताप कोणालाच नाही. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या ठीक."

"उलट्या?"

"दोघींना. बाकीच्यांना नुसता लालीचा प्रकार. आम्ही एकमेकींना म्हणालो, ही काय रंगपंचमी आहे का?" ती हसली. "तू का हसत नाहीस?"

मला हसू आलं नाही, कारण हे वर्णन मी पुस्तकात वाचलेलं होतं. जंतू पोटात गेले तर असं पंचवीस मिनिटांत होत नाही आणि असं चार तासांत विरतही नाही. हे वेगळं होतं. काही माशांचं मांस उबेत राहिलं की त्यातले जंतू हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि तळून जात नाही. कुपा, बांगडा, तारली यांच्यात ते होतं. बासा हा गोड्या पाण्यातला मासा, त्याच्यात असं होणं अवघड.

"अल्फिया, एकूण मासे किती जणींनी खाल्ले?"

"एकशेचाळीस."

"आणि आजारी चौदा. त्या चौदा जणींमध्ये काय सारखं आहे?"

ती वहीवर बोट फिरवत गेली. मग बोट थांबलं. "सगळ्या वॉर्डमधून आलेल्या. शेवटची पंगत." तिने माझ्याकडे बघितलं. "शेवटच्या पंगतीला बासा नव्हता गं. संपला होता. आम्हाला बांगडा वाढला. फळा कोणी पुसलाच नाही."

"शेवटच्या पंगतीत किती होत्या?"

"एकतीस."

मी तिच्याच वहीच्या मागे चार आकडे लिहिले. बासा खाल्लेल्या एकशे नऊ, आजारी शून्य. बांगडा खाल्लेल्या एकतीस, आजारी चौदा. इतका स्वच्छ निकाल कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मला कधी मिळाला नव्हता, आणि तो बघून मला बिलकूल आनंद झाला नाही.

आचारी शांताराम भटारखान्याच्या पायरीवर लसूण सोलत बसला होता.

"खोकं अर्धंच निघालं," तो म्हणाला. "शेठला फोन केला, तर म्हणाले, बाजारातून काहीतरी आण आणि गप्प बस. बारा वाजून गेले होते. बाजारात फारसं उरलं नव्हतं."

"कोणाकडचा घेतला?"

त्याने लसणीची पाकळी खाली ठेवली. "तुला सांगायला नको. तुझ्या मावशीकडचा. शेवटची अर्धी पाटी होती. कल्ले लाल होते हो, मी बघून घेतला."

हे शांतारामला माहीत होतं आणि आता मला. खातूशेठ सांगणार नव्हता, कारण कंत्राटाबाहेरची मासळी वाढल्याचं त्याच्यावर आलं असतं. मावशीला तर आपला बांगडा मेसमध्ये गेला हेही ठाऊक नव्हतं, शांताराम घरच्या पिशवीत घेऊन गेला होता. उद्या मी तो एक पानी कागद वाचला असता, तर संस्थेला मेस परत मिळाली असती आणि बांगडा कोणाचा होता, हे कोणालाच कळलं नसतं.

संध्याकाळी मावशी अंगणात जाळ्याचा तुटलेला कोपरा विणत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. आकडे सांगितले, शांताराम सांगितला, हिस्टामिनही सांगितलं.

तिचा हात थांबला नाही. चार गाठी मारून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मी इष इकलं."

"तसं नाही."

"मंग कसं? पोरी लाल झाल्या. बांगडा माजा."

"साडेसहा-पावणेसातला बर्फ काढला. तळला साडेबाराच्या सुमाराला. जवळजवळ सहा तास उघडा, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात. होडीवर किती वेळ उघडा होता, ते तर मला माहीतच नाही."

"बर्फात असता तर?"

"तर बहुधा काही झालं नसतं."

"बहुधा?"

"उरलेला मासा कोणी ठेवला नाही. तपासता येणार नाही. म्हणून बहुधा."

"तुजं सायन्स बहुधावर चालतं काय गो?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. "पन्नास वर्सं आमची मासळी लोक खातायत. माज्या आयच्या हातची, माज्या हातची. कोन मेला?"

"मेलं कोणी नाही. पण लाल कोण झालं, डोकं कोणाचं दुखलं, ते कोणी मोजलं? लोक म्हणाले असतील, पित्त झालं."

आता मात्र तिचा हात थांबला. पित्त हा शब्द तिला लागला असावा, कारण तिचा नवरा, म्हणजे माझे काका, बांगडा खाल्ला की दर दोन महिन्यांनी पित्ताची गोळी घ्यायचे.

"उद्या तू काय वाचनार?"

"जे आहे ते."

"अकरा बायका हायत मागं. काशीचा नवरा अंथरुनाला खिळलाय. बाजारात नाव गेलं तर मेसचं सोड, ओट्याशी कुत्रं उभं ऱ्हानार नाय."

"माहीत आहे."

"माहीत हाय म्हनं," ती म्हणाली. "जा घरी."

मी माझा कागद परत मागितला. तिने दिला नाही.

शुक्रवारी चार वाजता प्राचार्या केळुसकर मॅडमच्या खोलीत मी होते, अल्फिया होती, खातूशेठ होता. मावशीची खुर्ची रिकामी होती. खातूशेठ पांढऱ्या सदऱ्यात, पुढ्यात प्लॅस्टिकची फाईल.

"सुरू करू या," मॅडम म्हणाल्या.

खातूने फाईल उघडून एक कागद सरकवला. "मॅडम, आमचा माल उणे अठरा अंशांवर येतो. हे बघा लॅबचं सर्टिफिकेट. औषधाचा अंश नाही, जंतू नाहीत. बंदरावरच्या मासळीला असा एक तरी कागद आहे का? माशा बसतात तिच्यावर."

"हा कागद खोक्याच्या लेबलाशी ताडून बघितला तर चालेल?" मी विचारलं. शांतारामकडून फाडून आणलेलं पुठ्ठ्याचं झाकण मी पिशवीतून काढलं. "सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर वेगळा आहे आणि तारीख मागच्या वर्षीची. ही दुसऱ्याच खेपेची तपासणी आहे. तुमच्या या खोक्याबद्दल हा कागद काहीच सांगत नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही. माहीत नाही, एवढंच."

"कंपनी तीच आहे ना?"

"कॉलेज तेच आहे म्हणून सगळ्या मुलींचे मार्क सारखे येतात का?" केळुसकर मॅडमनी विचारलं. त्या परीक्षा विभागही सांभाळत असत.

मग अल्फियाने आपली वही वाचली. वेळा, नाड्या, आणि शेवटी ते चार आकडे. खातू आधी चपापला. मग शून्य हा शब्द त्याच्या कानात नीट शिरला आणि तो खुर्चीत सरसावून बसला.

"म्हणजे माझा बासा सुटला! एकशे नऊ पोरींना काही झालं नाही. आता तुम्हीच बघा मॅडम, इथलीच मासळी धोक्याची. सिद्ध झालं."

"नाही झालं," मी म्हणाले. "बांगडा इथला होता म्हणून मुली आजारी पडल्या, असं हे आकडे सांगत नाहीत. तो उबेत राहिला होता. तुमचा बासा सहा तास उन्हात ठेवला तर तुम्ही खाल का? आणि बासा त्या दिवशी बाधला नाही, म्हणून त्यात औषधाचा अंश नाही, असंही होत नाही. तो अंश अर्ध्या तासात तोंड लाल करून दाखवत नाही."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "फळ्यावर बासा आणि ताटात बांगडा. खातू, हा बांगडा कोणाकडचा होता?"

खातूने छताकडे बघितलं. "आचाऱ्याने आणला असेल. बाजारात शंभर बायका बसतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं, ते द्यायचं हेही माझं ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दार ढकललं गेलं.

हौसामावशी आत आली. डोक्यावर एक पाटी, कमरेवर एक. मागे काशी, धापा टाकत. खोलीत मासळीचा वास भरला.

"रिक्षावाला घेत नव्हता," मावशी म्हणाली. "दोन पाट्या बगून पळाला. चालत आलो." तिने टेबलाकडे नजर टाकली. "जरा तुमचे कागद बाजूला घ्या बाय. भिजतील."

तिने कनवटीचा एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला, टेबलावर अंथरला आणि एक पाटी त्यावर ठेवली. पाणी ठिबकून शाई पसरू लागली. मी ओळखला. माझी सही होती, डिग्रीसकट.

दुसरी पाटी तिने शेजारी ठेवली. "सकाली एकाच होडीचा बांगडा घेतला. निम्मा हिच्यात, निम्मा तिच्यात. ही नेहमीसारखी उघडी ठेवली. या दुसरीवर बर्फ, दर तासाला नवा. धा वाजल्यापासून, त्या दिशीसारखे सहा तास. काशीला पाळतीला ठेवलं, माज्यावर इस्वास नको म्हनून." तिने माझ्यापुढे हात केला. "काढ तुजी सुई."

मी थर्मामीटर दिलं. तिने ते स्वतः घातलं, उघड्या पाटीतल्या बांगड्याच्या कल्ल्यातून, भोक न पाडता.

"वाच."

"बत्तीस."

तिने सुई पदराला पुसली आणि बर्फात हात घालून दुसरा बांगडा वर काढला. "वाच."

"तीन."

मावशीने दोन्ही बांगडे दोन हातांत धरून मॅडमसमोर केले. दोघांचे कल्ले लाल होते.

"मी तीस वर्सं कल्ले बगून सांगते. आज सकालपास्नं बगतेय. मना या दोघांत काय फरक दिसत नाय," ती म्हणाली. "चौदा पोरींनी खाल्ला तो बांगडा माजा होता. असल्याच उघड्या पाटीतला." तिने उघड्या पाटीकडे हनुवटीने खूण केली. "हा मी परत समुद्रात टाकनार. आता ही दुसरी बगा. मना मेस पायजे ती हिच्यावर."

काशीने डोळ्यांना पदर लावला होता. मला मावशीच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी मनात आलं, हिने प्रयोगाला साक्षीदार ठेवला, हे मला सुचलं नसतं.

केळुसकर मॅडमनी दोन्ही पाट्यांतल्या बांगड्यांना बोट लावून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "एक महिना. हौसाबाई, तुमची मासळी. दारात थर्मामीटर राहील, अल्फिया मोजेल. पाच अंशांच्या वर गेली, तर तिथूनच परत. रोज मोजायचं, सणाच्या दिवशीही."

"आणि माझा बासा?" खातूने विचारलं.

"त्याच खोक्याचा तपासणीचा कागद आणा, मग आपण बोलू. आणि फळ्यावर जे लिहाल तेच ताटात."

बाहेर पडल्यावर मावशीने मला अर्ध्या वाटेत थांबवलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"पित्ताची गोळी," ती म्हणाली. "तुज्या काकाचं पन बर्फानं थांबंल काय?"

"बहुधा."

"बहुधा," ती म्हणाली आणि चालू लागली.

शनिवारी सकाळी मी बाजारात गेले, तेव्हा मागच्या भिंतीशी नऊ ओट्यांचा बर्फ ओतलेला होता. काशीचा अजून पाटीत होता आणि अकराव्या ओट्याचा ओट्यावरच. मावशीने बांगडा बर्फात मांडला होता, वरूनही बर्फ पसरला होता, आणि त्या ढिगाऱ्यामागे ती नेहमीपेक्षा ताठ बसली होती. पहिलं गिऱ्हाईक आलं, बर्फ बघितला, पुढे गेलं. दुसरंही. काशी आपल्या ओट्यावरून मावशीकडे बघत होती, हातातली पाटी तिरकी करायची की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

तिसऱ्या आल्या त्या निवृत्त मास्तरीण वैद्यबाई. "हौसा, आज बर्फ कसला गं? शिळी का?"

वैद्यबाईंनी सवयीने कल्ला उघडायला हात पुढे केला. मावशीने तो हात धरला आणि त्यात थर्मामीटर ठेवलं.

"कल्ला मागनं बगा बाय. आधी ही घाला. आनि आकडा मोठ्यानं वाचा, फुडची गेली तिला पन ऐकू जाऊ दे."

वैद्यबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांचा आवाज शाळेतलाच होता. "तीन!"

पुढे गेलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. काशीने पाटी सरळ केली.

बांगडा बांधून दिल्यावर मी थर्मामीटरसाठी हात पुढे केला. मावशीने ते बर्फात, ओट्याच्या अगदी पुढच्या कडेला, रोवून ठेवलं.

"हे ऱ्हाऊ दे इथं," ती म्हणाली. "तू शिकलेली हाईस. दुसरं घे."